कल्याणच्या शाळेचा नाथा

कोलशेतच्या खाडीकाठी गोमाजीची शाळा भरायची ती फक्त पावसाळ्यात. भाताची लावणी उरकून माणसांचे पाय चिखलाबाहेर आले, की श्रावणात मुलं गोळा व्हायची आणि दसऱ्याच्या पाटीपूजनापर्यंत बसायची. त्यानंतर कापणी, झोडणी, आणि ती संपते न संपते तोच मिठाची आगरं हाक मारायची. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत सगळं गाव, पोराटोरांसकट, आगरात. ठाण्याची सरकारी शाळा बारा महिने चालते हे गोमाजीला ठाऊक होतं. पण बारा महिने रिकामं असलेलं पोर आगऱ्याच्या घरात अजून जन्माला यायचं आहे, असं तो म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

गोमाजी स्वतः आगरीच. लहानपणी तो मिठाच्या नाक्यावर एका म्हाताऱ्या मुनशीची लाकडं फोडायला राहिला होता. मुनशीला दुपारी झोप येत नसे आणि बोलायला माणूस नसे, म्हणून त्यानं या पोराला आधी पाढे, मग मोडी आणि शेवटी त्रैराशिकापर्यंत सगळं शिकवून टाकलं. मुनशी गेला, विद्या राहिली. तिचं काय करायचं हे कोणी सांगितलं नव्हतं, तेव्हा गोमाजीनं आपल्या पडवीत धूळपाट्या मांडल्या. गावानं आधी थट्टा केली, मग मुलं पाठवली, आणि थट्टेतलं ‘पंतोजी’ हे नाव तेवढं कायमचं चिकटलं.

नुसतं शिकवून तो थांबत नसे. पाटीपूजनाच्या दिवशी जी मुलं शाळा सोडायची, त्यांना तो पुढची वाट सांगायचा. आईबापांना पडवीत बसवायचं, मुलाला समोर उभं करायचं आणि हा कुठे लागेल ते एका वाक्यात सांगायचं. तानाजी नावाचा एक पोरगा काही झालं तरी जागचा हलत नसे. अंगावर मधमाशा आल्या तरी बसून राहिला होता. त्याला गोमाजीनं रेल्वेत सांधे बदलायच्या कामावर पाठवलं, आणि तो कल्याण जंक्शनात लागला तो अजून तिथेच होता. रतनला चार भिंतींत बसवत नसे, त्याला राघो कोळ्याच्या होडीवर चढवलं. एकाला पोलिसात जायला सांगितलं, तो पुढे दारू गाळताना सापडला. तेव्हाही गोमाजी म्हणाला, निदान पोराला कायदा तरी कळला.

एवढी मुलं मार्गाला लागली, पण सगळी हातापायांच्या कामावर. लेखणीवर एकही नाही. ही गोष्ट गोमाजीला सलायची. मुनशीनं दिलेली विद्या आपण पडवीत नुसती फिरवत ठेवली, तिनं एकही दार उघडलं नाही, असं त्याला वाटायचं. मरायच्या आत आपल्या शाळेतला एक पोरगा कारकून झालेला पाहायचा, एवढी एकच हौस त्यानं बाळगली होती. आणि ती तो कोणाला बोलून दाखवत नसे, त्यामुळे ती साऱ्या गावाला माहीत होती.

नाथा त्याच्याकडे पाच पावसाळे बसला. सगुणा नावाच्या विधवेचा हा एकुलता एक मुलगा. मायलेक दोघंही आगरात राबायची. पोरगा अबोल, पण आकडा कानावर पडला की उत्तर ओठावर. एकाचे, दिडाचे, अडीचाचे, औटाचे म्हणजे साडेतीनाचे असे सगळे पाढे त्याला शंभरापर्यंत पाठ होते, आणि कसलाही जुना मोडी कागद तो झरझर वाचायचा. तो अठरा वर्षांचा झाला त्या दसऱ्याला गोमाजीनं त्याला समोर उभं केलं आणि सांगितलं, “हा लेखणीवर जाईल. मीठ खात्यात.”

मग आगराचा मुकादम काळुराम मांडी बदलून म्हणाला, “त्याला सरकारी कागूद लागतो, पंतोजी. मुलकी परीक्षा पास झाल्याबिगर नाक्यावर उभा पन करीत नाय आता.”

“मग देईल परीक्षा,” गोमाजी म्हणाला.

कोणत्याही शाळेत नाव नसलेल्यालाही या परीक्षेला बसता येत असे. तशा उमेदवारांना बाहेरचे म्हणत. चैत्रात गोमाजी नाथाला घेऊन खोपटच्या बांधावरून चालत ठाण्याला गेला आणि परीक्षेच्या दाराशी त्यानं आपल्या शिष्याला शेवटचा सल्ला दिला. त्रैराशिकाची दहा गणितं असतील. तोंडानं कर आणि उत्तर लिही. बाकी खरडण्यात वेळ घालवू नको. मुनशीनं गोमाजीला असंच शिकवलं होतं. मिठाच्या नाक्यावर कोणी कधी विचारलं नव्हतं की हा आकडा कुठून आला. आकडा बरोबर असला की झालं.

नाथानं दहा गणितं सोडवली आणि दहा उत्तरं लिहिली. बाकीचे उमेदवार पहिल्या गणितात होते तेव्हा तो बाहेर येऊन मासुंदा तलावाच्या काठी पाय सोडून बसला होता.

तो नापास झाला. गोमाजी कचेरीत गेला तेव्हा तिथल्या कारकुनानं कागद शोधून काढला आणि त्याच्यावरचा शेरा वाचून दाखवला. रीत दाखवलेली नाही, उत्तरं कोणाकडून तरी घेतलेली दिसतात, असा शेरा होता.

“पण उत्तरं बरोबर आहेत ना?” गोमाजीनं विचारलं.

“दहाच्या दहा बरोबर आहेत,” कारकून म्हणाला. “म्हणून तर शंका.”

घरी येताना नाथानं विचारलं, रीत म्हणजे काय. गोमाजीला ते नीट सांगता येईना. पायरीपायरीनं सगळं मांडायचं, एवढं त्याला कळलं होतं. पण ज्या पायऱ्यांवर आपण कधी पाय ठेवलाच नाही, त्या मांडायच्या कशा? चूक नाथाची नव्हती, आपली होती, आणि तीस वर्षं आपण हीच चूक सगळ्यांना पाठ करून घेत होतो, हे कळून त्याला लाज वाटली. सगुणेला त्यानं तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, “मना काय कलतंय त्यातला. तुमी सांगाल त्या वाटंनी जाईल त्यो.” हे ऐकून त्याला जास्तच लाज वाटली.

पुढच्या दसऱ्यानंतर, भरतीची वेळ पाहून, गोमाजी आणि नाथा राघोच्या होडीत बसले आणि खाडीनं कल्याणच्या बंदराला उतरले. कल्याणात सरकारी मदतीवर चालणारी एक खाजगी शाळा होती, आणि तिचे हेडमास्तर मुलकीच्या परीक्षेची चांगली तयारी करून घेतात, असं तानाजीनं कळवलं होतं.

हेडमास्तर तिशीचे, पुण्यात शिकून आलेले, स्वच्छ धोतराचे गृहस्थ होते. आगऱ्याला त्यांनी पडवीत घोंगडीवर का होईना पण बसवलं आणि ‘तुम्ही’ म्हटलं, त्यामुळे गोमाजी जरा बिचकलाच. त्यांनी नाथाला एक त्रैराशिक घातलं. त्यांचं वाक्य संपलं तेव्हा उत्तर आलेलं होतं. त्यांनी दुसरं घातलं, तिसरं घातलं. मग एक जुना मोडी कागद पुढे केला, तोही नाथानं वाचला. हेडमास्तरांचा चेहरा उजळला. पास होणाऱ्या मुलांवर त्यांच्या शाळेची सरकारी मदत ठरत असे, आणि असं पोर त्यांना आयतं कोण आणून देणार होतं?

“याला रीत शिकवायला मला चार महिने पुरतील,” ते म्हणाले. “मार्गशीर्षापासून रोज यायला हवं. पण एक गोष्ट आहे. तुमच्या त्या शाळेचं नाव यात कुठेही येता कामा नये.”

गोमाजीला कळेना.

“याच्या नावावर ठाण्यात शेरा पडलेला आहे,” हेडमास्तर समजावून म्हणाले. “खाडीकाठची गावठी शाळा म्हटलं, की तो शेरा कोणाला तरी आठवणार. मग पुन्हा बाहेरचा उमेदवार, पुन्हा शंका. त्यापेक्षा मी याला आमच्या पटावर तीन वर्षं मागची तारीख घालून दाखल करतो. हा पहिल्यापासून आमचाच विद्यार्थी. शाळा तपासणारे डेप्युटी साहेब तोंडी परीक्षा घेतात, तेव्हा कुठे शिकलास हे हमखास विचारतात. तेव्हा यानं आमच्या शाळेचं नाव सांगायचं. तुमची शाळा नव्हतीच, असं धरून चालायचं.”

हे त्यांनी वाईट हेतूनं सांगितलं असं म्हणता येणार नाही. एखाद्यानं पाऊस येतोय, छत्री घ्या, म्हणावं तसं त्यांनी सांगितलं. गोमाजी विचार करून सांगतो म्हणाला आणि बाहेर पायरीवर येऊन बसला.

“पंतोजी, नको,” नाथा म्हणाला. वर्षभरात त्यानं एवढं ठाम काही म्हटलं नव्हतं. “आगर काय वाईट हाय? आय पन हाय तिथं.”

“वाट कोण सांगतो, मी की तू?”

“तुमी.”

“मग गप बस.” गोमाजी शाळेच्या बाबतीत बोलायचा तेव्हा मुनशीची शुद्ध भाषा बोलायचा, आणि राग आला की ती जास्तच शुद्ध व्हायची. “माझं नाव घेऊन तुला काय मिळणार आहे? माझं ऐकलंस म्हणून काय झालं ते ठाण्याला पाहिलं ना आपण?” असं म्हणून तो उठला, आत गेला आणि हेडमास्तरांना हो म्हणून आला.

हो म्हणणं सोपं होतं. नाथा मार्गशीर्षापासून कल्याणला राहायचा म्हणजे ऐन मिठाच्या हंगामात आगराबाहेर राहायचा. राहण्याची सोय झाली. कल्याणजवळच्या मोहने गावात सगुणेची बहीण लक्ष्मी दिली होती, तिच्याकडून कल्याणला रोज चालत जाण्याजोगं होतं. पण काळुराम मुकादमानं स्वच्छ सांगितलं, की नाथाची जागा रिकामी ठेवता येणार नाही. ती दुसऱ्याला गेली की गेली, आणि पोरगा पुन्हा नापास झाला तर त्याला या आगरात जागा नाही.

“जागा रिकामी राहणार नाही,” गोमाजी म्हणाला. “मी येतो.”

काळुराम हसला. “पंतोजी, फावरा कंचे बाजूनं धरतात ठावं हाय का?”

गोमाजी छपन्न वर्षांचा होता. लहानपणी लाकडं फोडली होती, त्यानंतर शाळा नसे तेव्हाही तो गावाचे हिशेब आणि अर्जच लिहायचा, त्याच्या हातानं लेखणीहून जड काही उचललं नव्हतं. मार्गशीर्षात तो आगरात उतरला. सकाळी खाजणावर धुकं असायचं, पाय खाऱ्या पाण्यात कुजल्यासारखे व्हायचे, आणि दुपारी मीठ इतकं चमकायचं की डोळे उघडवत नसत. पहिल्या आठवड्यात त्याच्या तळहातांना फोड आले, दुसऱ्या आठवड्यात ते फुटले आणि त्यांत मीठ गेलं. त्याचेच जुने विद्यार्थी आजूबाजूला होते. ते आधी हसले, मग त्याच्या वाटणीचं थोडं थोडं काम गुपचूप उरकू लागले. सगुणा डोक्यावर मिठाची पाटी घेऊन जाताना त्याच्याकडे पाहायची आणि पुढे जायची. गोमाजीला या सगळ्यात एक प्रकारचं सुख होतं, हे नमूद केलं पाहिजे. इतकी वर्षं त्यानं लोकांना वाटा सांगितल्या होत्या, पण कोणाच्या वाटेसाठी स्वतःच्या हाताला फोड येण्याची ही पहिलीच वेळ होती.

दर पंधरवड्याला नाथा ओहोटीबरोबर येऊन एक दिवस राहायचा. तो आता पाटीवर रीत मांडून दाखवू लागला होता. गोमाजी वाकून पाहायचा. एका ओळीखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, आणि सगळ्यांत शेवटी उत्तर.

“हे सगळं तू करतोस?” गोमाजीनं विचारलं.

“नाय,” नाथा म्हणाला. “उत्तर आदी तोंडानं कारतो. ता खाली लिवतो. मंग वरशी रीत भरतो.”

गोमाजी आगरात उतरल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसला. आधी घरी पोचायचं आणि मग रस्ता आखायचा, असा हा सरकारी प्रकार त्याला फार आवडला. हेडमास्तरांना हे कळलं होतं आणि त्यांनी नाथाला रागे भरलं होतं, पण पेपरात ते दिसत नाही म्हणून पुढे सोडून दिलं.

मग गोमाजी डेप्युटी साहेब व्हायचा. पाठ ताठ करून विचारायचा, “कुठे शिकलास?” पहिल्यांदा नाथा अडखळला. त्याचे डोळे आपसूक पडवीकडे गेले. गोमाजीनं त्याला औटकी घोकून घ्यावी तसं ते वाक्य घोकून घेतलं. कल्याणच्या शाळेत, साहेब, हेडमास्तरांकडे. वीस वेळा. पुढच्या पंधरवड्याला पुन्हा वीस वेळा. होळीपर्यंत ते वाक्य नाथाच्या तोंडी इतकं बसलं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तेच आलं असतं. आपण शिकवलेलं कधी वाया जात नाही, याचा गोमाजीला अभिमान होता.

परीक्षा चैत्रात कल्याणच्या शाळेतच झाली. गोमाजीनं काळुरामकडून एका दिवसाची सुट्टी मागून घेतली आणि तो राघोच्या होडीनं गेला. लेखी पेपर सकाळी झाला. दुपारी तोंडी परीक्षा होती. गोमाजी ओसरीच्या कडेला, उघड्या खिडकीखाली जाऊन बसला. हेडमास्तरांनी त्याला पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. तसं ठरलंच होतं.

डेप्युटी साहेब पिकल्या मिशांचे, सावकाश बोलणारे होते. त्यांनी नाथाकडून मोडी वाचून घेतली. मग विचारलं, “सत्तावीस पोती आहेत. प्रत्येक पोत्यात साडेतीन मण मीठ. एकूण किती?”

“सत्तावीस औटे साडेचौऱ्याण्णव,” नाथाचा आवाज आला.

“औटकी येते तुला?” डेप्युटी म्हणाले. त्यांच्या आवाजात एकदम घरगुतीपणा आला होता. “कुठपर्यंत?”

“शंभरापरेंत, साहेब.”

“आमच्या लहानपणी आमचे पंतोजी छडी घेऊन म्हणवून घ्यायचे. आता शाळांतून इतकं कोणी पाठ करत नाही.” खुर्ची करकरली. “कुठे शिकलास तू?”

खिडकीखाली गोमाजी पुढे झुकला. आपण इतकं घोकून घेतलं तरी हे पोर आता अडखळेल, अशी भीती त्याला वाटली. आणि खरं सांगायचं तर, थोडंसं अडखळावं, असंही वाटलं.

“कल्याणच्या शाळेत, साहेब. हेडमास्तरांकडे,” नाथा म्हणाला. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही.

“आणि त्याआधी? कोणा पंतोजीकडे होतास का?”

हा प्रश्न गोमाजीनं विचारला नव्हता. तो त्याला सुचलाच नव्हता. त्याचं उत्तर घोकून घेतलेलं नव्हतं.

“नाय, साहेब,” नाथा म्हणाला. “त्याआदी आगरान व्हतो.”

तितक्याच सहजपणे म्हणाला. बाहेर ओसरीवर दोन मुलं गोट्या खेळत होती. त्यातली एक गोटी गोमाजीच्या पायाशी आली, ती त्यानं उचलून परत दिली. पहिलं उत्तर आपलं होतं, हे दुसरं नाथाचं स्वतःचं होतं. पोरगा तयार झाला होता. आता त्याला पुढच्या उत्तरांसाठी कोणाची गरज नव्हती. हे सगळं गोमाजीला नीट समजलं आणि तरीही आतून काहीतरी ओढून काढल्यासारखं दुखलं.

नाथा बाहेर आला तेव्हा घामानं भिजला होता. त्यानं गोमाजीला खिडकीखाली पाहिलं आणि तो जागच्या जागी थांबला.

“औटकी बरोबर आली,” गोमाजी म्हणाला. “चल, ओहोटी लागेल.”

होडीत दोघंही बसले. राघोनं विचारलं, परीक्षा कशी झाली. चांगली झाली, असं दोघांनीही सांगितलं.

नाथा पास झाला. ज्येष्ठात त्याला भाईंदरच्या बाजूला एका मिठाच्या नाक्यावर कारकुनी मिळाली. कोलशेतच्या आगऱ्यांतला तो पहिला कारकून. सगुणेनं देवीला साडीचोळी केली आणि गोमाजीच्या घरी नारळ व गूळ पाठवला. गोमाजीनं तो सगळ्या मुलांना वाटला. त्याची हौस पुरी झाली होती. आपण आनंदात आहोत, असं तो स्वतःला दिवसातून दोनतीनदा सांगायचा, आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

श्रावणात नारळी पौर्णिमेला नाथा घरी आला. अंगात काळा कोट, डोक्याला नवं पागोटं. बरोबर नाक्यावरचा एक शिपाई होता, त्याला पुढे ठाण्याला टपाल न्यायचं होतं, तो वाटेत पाणी प्यायला थांबला होता. शाळा भरायचे दिवस होते. गोमाजी पडवी सारवून धूळपाट्या काढत होता. नाथा आला आणि पाया पडला. शिपाई पायरीवर टेकला. गावातली चारदोन माणसंही कारकुनाला पाहायला मागोमाग आली. त्यात काळुराम होता आणि त्याच्या हाताला धरून त्याचा धाकटा, गुणाजी.

“पंतोजी, येक इचारू?” काळुराम बसता बसता म्हणाला. “ह्यो नाथा तुमच्याकरं पाच पावसाले बसला. काय झाला? आगरान फावराच मारत व्हता ना? कल्यानला चार म्हयने गेला, तर कारकून झाला. मंग माजे पोऱ्याला मी हितं कशाला बसवू?”

नाथाचा चेहरा उतरला. “काळूकाका, तसा नाय...” तो बोलू लागला.

पायरीवरच्या शिपायानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि मान वळवली. “आमचे हे रावसाहेब तीन वर्षं कल्याणला होते ना?” तो म्हणाला. “कचेरीत तसंच लिहिलंय.”

सगळे नाथाकडे पाहू लागले. पोरगा अडखळला. परीक्षेत अडखळला नव्हता, तो इथे, पडवीत अडखळला. त्याची नोकरी त्या शिपायाच्या कानाएवढ्या अंतरावर उभी होती, आणि तो गोमाजीकडे पाहत होता.

“कल्याणलाच शिकला तो,” गोमाजी म्हणाला. “पावसाळ्यात सुट्टीला घरी यायचा, तेव्हा बसायचा इथे पोरांबरोबर. वर पत्रे नीट आहेत माझे, गळत नाहीत. बाकी मला रीत येत नाही, काळुराम. ती कल्याणलाच शिकवतात.”

गावाला यात काय खरं आणि काय नाही ते दिसत होतं, पण मिठाच्या खात्यातला माणूस समोर बसलेला असताना कोणी जास्त बोलत नाही, ही शिस्त आगरातल्या माणसाला शिकवावी लागत नाही. शिपायानं पुन्हा तांब्या उचलला. त्याला पुढे जायचं होतं.

“मंग ह्याला कुटं घालू?” काळुरामनं विचारलं. आता त्याच्या आवाजात टोचणी नव्हती. तो खरोखरच विचारत होता.

गोमाजीनं गुणाजीकडे पाहिलं. पोरगा बरा होता. हात सारखे काहीतरी चाळत होते, पण डोळा एका जागी ठरत होता. या मुलाची वाट त्याला दिसत होती, आणि ती आपल्या पडवीतून जात नाही हेही दिसत होतं. खोटं सांगायला हरकत नव्हती. सांगितलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. पण आजपर्यंत त्यानं या प्रश्नाचं उत्तर कधी खोटं दिलं नव्हतं.

“कल्याणला घाल,” तो म्हणाला. “आगराचा तू मुकादम आहेस, तुझ्या पोराची तुला सोय करता येईल.”

मग बाकीच्यांनीही विचारलं. पाच मुलांना त्यानं कल्याणला जायला सांगितलं. नाथा खाली मान घालून बसला होता. काळुराम त्याला म्हणाला, “तू हेडमास्तरला चिठ्ठी लिवून दे. तुजी वलख हाय.”

नाथानं गोमाजीकडे पाहिलं. गोमाजीनं आतून दौत आणि बोरू आणून त्याच्यासमोर ठेवला.

नाथा मोडीत लिहू लागला. त्याच्या अक्षराला एक वळण होतं. ओळ किंचित वर चढत जायची आणि ‘र’चा पाय लांब ओढला जायचा. गोमाजीचं अक्षर असंच होतं, आणि त्याच्याआधी मुनशीचं. पहिल्या पावसाळ्यात नाथाचा हात हातात धरून गोमाजीनं हे वळण त्याच्या बोटांत घातलं होतं. हेडमास्तरांना रीत घालता आली, वळण बदलता आलं नव्हतं.

काळुरामला वाचता येत नव्हतं. त्यानं चिठ्ठी हातात घेऊन लांबून, जवळून पाहिली. “बग,” तो गुणाजीला म्हणाला, “ह्याला बोलतान कल्यानचा अक्शर.”

नाथाचे डोळे भरून आले. गोमाजीनं चिठ्ठी मागून घेतली, शांतपणे वाचली, शेवटच्या ओळीवर शाई ओली होती तिथे फुंकर घातली आणि काळुरामला परत दिली.

“उद्याच्या भरतीलाच पाठव,” तो म्हणाला. “उशीर झाला तर पटावर घेत नाहीत.”